झुंबरबाई आणि तिखाडीची हळद

टेंभुर्णीत कुणाच्या घरी लग्न ठरलं, की पहिलं आमंत्रण देवाला जायचं आणि दुसरं झुंबरबाईला. देव लग्नाला येवो न येवो, झुंबरबाई यायचीच. कारण लग्नाची हळद तिच्या हातची असायची. निजामाच्या राज्यात सुभेदार बदलले, तहसीलदार बदलले, जालन्याच्या टेसनात येणाऱ्या आगगाडीची वेळ बदलली, पण टेंभुर्णीच्या नवरानवरींच्या अंगाला लागणारी हळद काही बदलली नव्हती. निदान तिची धाकटी जाऊ घरात येईपर्यंत तरी नव्हती.

झुंबरबाई म्हणजे आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई. ती जात्यावर बसून ओवी म्हणायला लागली, की गोठ्यातले बैल चारा सोडून उभे राहत. हळकुंडं उन्हात खडखडीत वाळवायची, फोडायची, दळायची, त्यात आंबेहळद, नागरमोथा, कचोरा नि वाळ्याची मुळं कुटून घालायची आणि करडीच्या तेलात ते सगळं कालवायचं, हा तिचा उद्योग. जात्याचा खुंटा धरून तिच्या तळहाताला असे घट्टे पडले होते, की चुलीतला निखारा ती चिमट्याशिवाय उचलायची आणि वर म्हणायची, "लई गरम न्हाई."

धाकटी जाऊ सगुणाबाई. तिचा नवरा रामकिसन हा झुंबरबाईच्या नवऱ्याचा, म्हणजे कडूबाचा, सख्खा धाकटा भाऊ. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. सगुणाबाई बारीक अंगाची, हळू बोलणारी, आणि झुंबरबाईच्या मते आतल्या गाठीची. आतल्या गाठीची म्हणजे काय, तर तिच्याशी भांडायला गेलं तर ती भांडतच नसे. असल्या माणसाशी संसार कसा करायचा?

तरीही दोघींचं बरं चाललं होतं. बिनसलं ते एका हळदीवरून. दोघींच्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा झुंबरबाई तापानं अंथरुणाला खिळली होती, म्हणून हळद सगुणाबाईनं केली. बस्स. तेवढ्यानं घात झाला. ती हळद लावलेली पोर मांडवात आली तेव्हा म्हणे मांडवभर गुलाबासारखा वास सुटला. बाया एकमेकींना हुंगायला लागल्या. त्या नवरीच्या अंगाचा वास चौथ्या दिवशी ती सासरी गेली तरी उतरला नाही, असं झुंबरबाईला पाणवठ्यावर ऐकवण्यात आलं. ऐकवणारीचं नाव गोजरबाई. आनंदाची बातमी चुकीच्या माणसाला नेऊन सांगण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

"तुमच्या हळदीत काय कमी हाये असं न्हाई बरं का," गोजरबाई घागर खाली ठेवत म्हणाली. "पण सगुणाबाईच्या हळदीला वास हाये, बाई! जसं काही हैदराबादच्या नवाबाच्या घरचं अत्तर."

"हळद काय हुंगायला असती व्हय?" झुंबरबाई फणकारली. "हळद अंगाला लावायला असती. वास पाहिजे तर फुलं हुंगा."

पण घरी येताना तिनं भिंतीजवळ उभं राहून दोनदा खोल श्वास घेतला. पलीकडून खरंच काहीतरी गोड, हिरवट, गवतासारखं आणि गुलाबासारखं येत होतं. झुंबरबाईच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन थांबण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून ती नाकानं जगू लागली. सगुणाबाई वाळवण घालायला अंगणात आली की झुंबरबाई भिंतीशी. सगुणाबाई वेणी घालायला बसली की झुंबरबाईला भिंतीवर चढलेला दोडका तोडायची आठवण व्हायची. एवढे दोडके त्या वेलाला कधी लागले नव्हते. कडूबा बिचारा साधा माणूस. जेवता जेवता तो एकदा म्हणाला, "रामकिसनाच्या घरातून वास मात्र झकास येऊन राह्यलाय हं."

त्या रात्री त्याच्या ताटात भाकरी आली, भाजी आली नाही.

"भाजी?" कडूबानं विचारलं.

"वास खावा," झुंबरबाई म्हणाली.

अशात काकासाहेब पाटलांच्या धर्मराजाचं लग्न ठरलं. नवरी वऱ्हाडातली, सरहद्दीपलीकडची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. त्यामुळे टेंभुर्णीची इभ्रत पणाला लागली होती. रिवाज असा, की आधी नवऱ्याला हळद लागते, आणि नवऱ्याच्या अंगाला लागून उरलेली ती उष्टी हळद ताटात घालून, वाजतगाजत नवरीच्या गावाला जाते. तीच मग नवरीला लावतात. म्हणजे झुंबरबाईची हळद आता परमुलखात जाणार होती. ती आनंदानं फुलून बसली होती. तेवढ्यात पाटलांच्या जयवंताबाई स्वतः आल्या. नवऱ्या मुलाची आई दारी आली म्हणून झुंबरबाईनं घोंगडी झटकून अंथरली.

"झुंबरबाई, राग मानू नका," जयवंताबाईंनी सुरुवात केली, आणि झुंबरबाईनं तिथूनच राग मानायला सुरुवात केली. "वऱ्हाडातली माणसं जरा नखऱ्याची असत्यात. म्हणून म्हणते, या खेपेला सगुणाबाईला हळद करू द्यावी. तिच्या हळदीला तो वास..."

भिंतीपलीकडे सूप पाखडण्याचा आवाज एकदम थांबला. झुंबरबाईनं तो थांबलेला आवाज ऐकला.

"वासच पाहिजे ना?" ती उठून उभी राहिली आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "बराबर. पाटलीणबाई, या हातांनी तुमच्या लग्नातली बी हळद केलेली हाये. माझ्या हळदीला सगुणाच्या हळदीपरीस जास्त वास न्हाई आला, तर पुन्हा म्हणून लग्नाच्या जात्याला हात लावणार न्हाई. झालं?"

स्वतःच्या लग्नातल्या हळदीची आठवण निघाल्यावर जयवंताबाईंना नाही म्हणणं जड गेलं. त्या "बरं" म्हणून गेल्या. कडूबानं डोक्याला हात लावला.

आता झुंबरबाईला तो वास मिळवायचा होता, आणि तोही सगुणाबाईला न विचारता. जावेला "बाई, तू काय घालतेस?" असं विचारण्यापेक्षा तिनं विहीर खणली असती. पण वास कुठून येतो याचा अंदाज तिला होता. सगुणाबाईचा भाऊ मल्हारी अजिंठ्याच्या डोंगराकडे तिखाडीच्या भट्टीवर कामाला असायचा. तिखाडी म्हणजे डोंगरउतारावर आपोआप येणारं उंच गवत. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर आलं, की कापून मोठ्या हंड्यात कोंबायचं, खाली जाळ लावायचा, आणि वाफ थंड होऊन पाण्यावर जे तेल तरंगतं ते काढून घ्यायचं. पिंपं भरून ते तेल जालन्याच्या टेसनावरनं पुढे कुठं मुंबईला जायचं. साहेबलोकांच्या साबणात पडतं, असं मल्हारी सांगे. गुडघे धरलेले म्हातारे ते चोळायला मागायचे.

मल्हारी बहिणीला भेटायला आला तेव्हा परतताना झुंबरबाईनं त्याला दारातच अडवलं. ताक दिलं, गूळ दिला, वर तुपाची धार सोडलेलं धपाटं दिलं. मल्हारी चकित होऊन खात होता. या घरात त्याला आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा मिळाला नव्हता.

"मल्हारी, भाऊ माझा," झुंबरबाई म्हणाली, "यांचे गुडघे लई धरल्यात. तिखाडीचं तेल हाये का जवळ?"

मल्हारीनं कडूबाकडं पाहिलं. कडूबा त्या वेळी पत्र्यावर चढून वाळलेल्या मिरच्या गोळा करत होता.

"हाये ना," मल्हारी म्हणाला आणि पिशवीतून एक बुचाची बाटली काढली. "पण अक्का, हे नुसतं लावायचं न्हाई बरं. कडक माल हाये. दुसऱ्या तेलात..."

"मला शिकवू नको रे," झुंबरबाईनं बाटली घेतली. "तू जन्मला नव्हतास तवापून मी तेलं कालवून राह्यले."

मल्हारीनं तोंड पुसलं आणि गप्प बसला. धपाट्याचा मान राखला म्हणा.

झुंबरबाईनं दार लावून बाटलीचं बूच काढलं. बाई गं! सगुणाबाईचं अख्खं अंगण त्या बाटलीत होतं. पाठोपाठ तिच्या मनात आलं, की ती जर थोडं घालत असेल तर आपण जास्त घालायचं. हिशेब सरळ होता. मिठाच्या बाबतीत तिनं असा हिशेब कधीच केला नसता. पण मिठाच्या बाबतीत तिला कुणाचा मत्सर वाटत नव्हता.

तरी झुंबरबाई अगदीच बेफिकीर बाई नव्हती. पाटलाच्या पोराच्या अंगाला लावायचं म्हणजे आधी पारखून घ्यायला हवं. तिनं तेल तळहातावर ओतलं आणि चोळलं. ज्या हाताला निखारा लागत नाही, त्याला तेल काय लागणार? काही झालं नाही. मग दुसरी खात्री म्हणून तिनं झोपलेल्या कडूबाच्या टाचेला लावलं. कडूबाची टाच म्हणजे उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी, भेगाळलेली. तिला विंचू चावला असता तर विंचूच परत गेला असता. कडूबानं कूस बदलली, घोरला.

"बिलकुल काही होत न्हाई," झुंबरबाईनं निकाल दिला, आणि बाटली हळदीत रिकामी केली.

हळदीच्या दिवशी पाटलांच्या मांडवात धर्मराज पाटावर बसला होता. नुकती मिसरूड फुटलेला, सावळा, लाजरा. पाच सवाशिणी आंब्याची पानं घेऊन उभ्या राहिल्या. झुंबरबाईनं परातीवरचं फडकं काढलं मात्र, मांडवभर माना वळल्या. ताशेवाल्यानं सुद्धा काड्या खाली घेतल्या. काय तो वास! गुलाब म्हणावा तर त्याहून तिखट, गवत म्हणावं तर त्याहून गोड. गोजरबाईनं डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, "सगुणाबाईची हळद आता काहीच न्हाई हो!"

झुंबरबाईनं आयुष्यात पुष्कळ गोड खाल्लं होतं, पण असलं गोड नव्हतं. तिनं तिरक्या नजरेनं जावेकडं बघितलं. सगुणाबाई मात्र हेव्यानं काळी पडली नव्हती. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. ती गर्दीतून वाट काढत आली आणि झुंबरबाईच्या कानाशी म्हणाली, "जाऊबाई, किती घातलं?"

"तुझ्यापरीस जास्त," झुंबरबाई म्हणाली. या दोन शब्दांसाठी ती महिनाभर जगली होती.

"अहो पण किती?"

"सारं!"

सगुणाबाईचा हात तोंडावर गेला. तोवर सवाशिणींनी धर्मराजाचे पाय, गुडघे, खांदे माखले होते. करवल्यांनी दोन्ही हातांनी त्याचे गाल पिवळे करून टाकले होते. ताशा कडाडला. उरलेली हळद ताटात काढून जयवंताबाईंच्या दिराच्या हातात दिली गेली. तो रखमाजी, नवऱ्याचा चुलता, बैलगाडीकडं निघाला. वऱ्हाडाची वाट लांबची, वेळेवर पोचायला हवं.

धर्मराज पाटावर चुळबुळू लागला.

"नवरा लाजला बघा!" एक करवली ओरडली. "गाल कसे लाल झाले!"

"नवरीची आठवण आली वाटतं!"

बाया हसत होत्या. धर्मराजानं आधी मान हलवली, मग दात खाल्ले, आणि मग लाज, रीत, आईबाप सगळं विसरून तो ओरडला, "आगं आये! आग होऊन राह्यली! डोळे! गाल!"

कुणीतरी घागरभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. तेल पाण्यानं जातं थोडंच? ते पाण्याबरोबर डोळ्यांकडं ओघळलं, आणि धर्मराज पाटावरून उडालाच.

"पाणी नका लावू!" सगुणाबाई पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडली. एवढा आवाज तिच्यात आहे हे गावाला त्या दिवशी कळलं. "करडीचं नुसतं तेल आणा! अन् मऊ फडकं! जल्दी!"

झुंबरबाई जागच्या जागी खांबासारखी उभी होती. तिच्या तळहाताला अजूनही काही होत नव्हतं. तिनं हात डोळ्यांसमोर धरला, त्या घट्ट्यांकडं पाहिलं, आणि तिला कळून चुकलं, की आपण पारख केली ती जात्याच्या खुंट्याची केली. माणसाच्या गालाची नव्हे. आणि हे कळताच दुसरी गोष्ट तिला आठवली. ताट!

ताट वऱ्हाडाला निघालं होतं. तिकडं एक पोर पाटावर बसणार होती, धर्मराजाहून कोवळी. तिच्या तोंडाला हेच लागणार. इकडं निदान सगुणा होती, तिकडं कोण असणार? पण ताट थांबवायचं म्हणजे साऱ्या गावासमोर सांगायचं, की माझी हळद वाईट आहे. जात्याला हात न लावण्याची शपथ होतीच. तेवढंच नव्हे, गोजरबाई पाणवठ्यावर ही कथा मरेपर्यंत सांगणार. झुंबरबाईनं हे सगळं मनात आणलं, आणि ते मनात असतानाच ती धावायला लागली.

झुंबरबाई धावते आहे हे दृश्य टेंभुर्णीनं यापूर्वी पाहिलं नव्हतं. कोंबड्या बाजूला झाल्या. एक कुत्रा भुंकायचं विसरला. गाडी वेशीबाहेर पडली होती. झुंबरबाई बैलांच्या पुढं जाऊन आडवी उभी राहिली. ती आडवी उभी राहिल्यावर रस्ता उरत नसे.

"ताट खाली घे, रखमाजी!"

"वैनी, यडी झालीस का? उष्टी हळद मागं फिरवायची नसती! अपशकुन होतो!"

"शकुन माझ्या डोसक्यावर! आधी ताट दे!" तिनं ताट हिसकावलं आणि सगळी हळद ओढ्यालगतच्या उकिरड्यावर नेऊन पालथी केली. तिथल्या कावळ्यांनीही जागा बदलली.

परत आली तेव्हा धर्मराज तेलानं पुसून, वर दुधात कालवलेलं डाळीचं पीठ लावून घोंगडीवर पडला होता. डोळे निवले होते. गाल टोमॅटोसारखे होते पण आग उतरली होती. काकासाहेब पाटील मिशी चावत फेऱ्या मारत होते. जयवंताबाईंनी झुंबरबाईला पाहिलं आणि पदर खोचला.

"काय घातलं होतं त्यात? बोला!"

आणि इथं सगुणाबाई मध्ये आली. हळू आवाजात, नेहमीसारखी. "पाटलीणबाई, चूक आम्हा दोघींची हाये. तेल माझ्या भावाकडचं. मीच जाऊबाईंना बराबर सांगायला पाहिजे होतं."

बाया कुजबुजल्या. "बघा, केवढं मन!" "नाहीतर आजकालच्या जावा!" गोजरबाईनं तर डोळ्याला पदर लावला.

झुंबरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. वासात पुढं गेली, औषधात पुढं गेली, आणि आता चांगुलपणात पण हीच पुढं? वर उपकार करून? नाही. एवढं मात्र ती होऊ देणार नव्हती.

"कुठली दोघींची?" ती गरजली. "हळद माझी, हात माझा, अक्कल माझी! मल्हारी सांगत होता, मीच ऐकलं न्हाई. सगुणाचा यात काही संबंध न्हाई. फुकटची वाटणी मागायला येऊ नको गं!"

मग काकासाहेब पाटील पहिल्यांदा हसले, आणि त्यांच्या मागोमाग सगळा मांडव. चुकीवर असा हक्क सांगणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. धर्मराजसुद्धा पिठाखाली हसला आणि पीठ तडकलं.

हळद परत करावी लागली. घरातली साधी हळद आणि करडीचं तेल. तिखाडीचं आपल्या घरचं तेल सगुणाबाईनं काडीच्या टोकावर घेऊन एवढंसं टेकवलं. बघायचं नाही म्हणत म्हणत झुंबरबाई बघतच होती.

"एवढंच?" तिच्या तोंडून निघून गेलंच.

"एवढंच. वाटीभर तेलाला थेंब." सगुणाबाईनं हळदीचं बोट स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावलं. "अन् ही जागा बघा, जाऊबाई. इथली कातडी गालासारखी असती. मी आदल्या दिवशी इथं लावून ठेवते. दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल न्हाई झालं, खाजलं न्हाई, तर मंगच मांडवात. आज तेवढा वेळ न्हाई, म्हणून आज वासापुरतंच, अन् फक्त पावलांना."

ती हळद धर्मराजाच्या पावलांना लावून उष्टी झाली, आणि थोड्या उशिरानं का होईना, वऱ्हाडात पोचली. नवरी सुखरूप पिवळी झाली. लग्नात धर्मराजाचे गाल बघून वऱ्हाडाकडची माणसं म्हणाली, निजामाकडचे नवरदेव तेजस्वी असतात बुवा.

राहता राहिली शपथ. झुंबरबाई घरी येऊन चुलीसमोर पाय पसरून बसली. "आता जात्याला हात लावायचा न्हाई," ती कडूबाला म्हणाली. आवाज बैल उठवणारा नव्हता.

कडूबा टाच खाजवत विचार करत बसला. मग म्हणाला, "काहून? तू काय बोलली होतीस? सगुणापरीस वास कमी आला तर. वास तर जास्त आल्ता. उलट लई जास्त आल्ता."

झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस एवढा हुशार तिला कधी दिसला नव्हता. त्या रात्री कडूबाच्या ताटात दोन भाज्या होत्या.

पुढं गावानंच वाटणी करून दिली. दळायची, कुटायची, कालवायची ती झुंबरबाईनं. वासाचा थेंब सगुणाबाईनं टाकायचा. पण एक अट झुंबरबाईनं स्वतः घातली. सगुणानं थेंब टाकलेली हळद मांडवात जाण्याआधी तपासली पाहिजे, आणि ती माझ्या कोपरावर. दुसऱ्या कुणाच्या कोपरावर तिचा भरवसा नव्हता. लग्नसराई आली की ती आदल्या दिवशी सकाळी बाही वर करून भिंतीशी उभी राहायची. सगुणाबाई पलीकडून हात लांब करून कोपराच्या आत हळदीचं बोट टेकवायची. मग दिवसभर झुंबरबाई कामं सोडून उजेडात जाऊन कोपर बघायची. पोळ्या लाटताना बघायची, ओट्यावर बसून बघायची, कडूबाला दाखवायची.

"जरा लालसर न्हाई का दिसत?" ती आशेनं विचारायची.

कडूबा डोळे बारीक करून वाकून बघायचा. "न्हाई," तो म्हणायचा. "पिवळंच हाये."

"नीट बघा की! खाजल्यागत होऊन राह्यलं मला."

"ते मनात खाजतंय," कडूबा म्हणायचा आणि लांब सरकायचा.

दुसऱ्या दिवशी कोपर साफ, गुळगुळीत, वर मंद सुगंधी. झुंबरबाई मोठा सुस्कारा टाकून भिंतीवरून ओरडायची, "चालती गं, सगुणा! ने मांडवात!" आणि मग उखळातली हळकुंडं कुटायला बसायची, एवढ्या जोरानं, की पलीकडचा रामकिसन कानावर हात ठेवून शेताकडं निघून जायचा.